एकतिसावा रोजा

पोर्ट सईद
शनिवार, ४ रमजान

प्रिय सुहैर,

हे पत्र नोंदणी करून पाठवीत आहे. ते मिळाले नाही असे तुला म्हणता येऊ नये आणि पाठवलेच नाही असे मलाही म्हणता येऊ नये, एवढाच त्यामागील हेतू.

नजवाने तुझा निरोप पोहोचवला. आपली ही मावसबहीण कोणताही निरोप पदरचा मीठमसाला लावल्याशिवाय देत नाही, हे तू जाणतेस. या वेळी तिने तो लावला नसावा, कारण वाक्ये तुझीच होती. "त्याला यायचं असेल तर ईदला यावं, हातात कहकच्या बिस्किटांचा डबा घेऊन, सगळ्यांचे भाऊ येतात तसं. ईदचे तीन दिवस माझं दार उघडं असतं. एरवी आला तर पाहुणा म्हणून येईल, आणि पाहुण्याला मी पोरीच्या हातून पाणी पाठवते." अकरा वर्षांत एकाही ईदला तुझ्या दारात माहेरचा माणूस उभा राहिला नाही आणि शेजारणींचे भाऊ येताना तू खिडकी लावून घेतेस, असेही ती म्हणाली. हा भाग मात्र तिच्या पदरचा असावा, असे मी धरून चालतो.

तुझी अट मला मान्य आहे. मी ईदला येत आहे.

तथापि मी केवळ त्यासाठी येत आहे असा समज करून घेऊ नये. आमच्या कंपनीचे एक प्रवासी जहाज हंगाम संपवून येथून माल्टा व ट्यूनिसमार्गे कासाब्लांकाला जाणार आहे. तीस वर्षे नोकरी झालेल्यांना अशा फेरीत एक खोली मिळते. उतारूंनी अमुक बंदरात सहा तास आणि तमुक बंदरात नऊ तास कसे घालवावेत, याचे तक्ते मी एकतीस वर्षे करीत आलो. स्वतः एकदाही कोठे उतरलो नाही. तेव्हा समुद्रप्रवास संपल्यावर एक दिवस एकट्याने शहर पाहावे, असा विचार आहे. शहर तुझे निघाले, हा योगायोग.

नियोजन असे आहे. जहाज शुक्रवारी सकाळी साडेआठला धक्क्याला लागेल. नऊ चाळीसपर्यंत बंदराजवळच्या हॉटेलात सामान टाकीन. दहा पंचवीसची ट्राम. अकराला तुझे दार. एक वाजेपर्यंत तुझ्याकडे. नंतर थोरली मशीद, बाजारपेठ, समुद्राकाठचा रस्ता. रमजानात तिकडची घड्याळे एक तास मागे नेतात, हेही मी हिशेबात धरले आहे. शनिवारी सकाळी सहा पन्नासला परतीचे विमान.

चंद्राचाही विचार केला आहे. आपला पहिला रोजा बुधवारी झाला. महिना एकोणतीस दिवसांचा निघाला तर ईद गुरुवारी, तीसचा निघाला तर शुक्रवारी. मी शुक्रवारी उतरतो. म्हणजे चंद्र दिसो वा न दिसो, ईदच्या पहिल्या नाही तर दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात असणारच. अशा फेऱ्यांच्या तीन तारखांपैकी ही तारीख मी त्यासाठीच निवडली. (वर योगायोग असे लिहिले आहे ते खोडत नाही, खाडाखोड मला आवडत नाही.)

राहता राहिला तुझ्या निकाहाचा दिवस. त्याविषयी समोरासमोर बोलू. तूर्त एवढेच, की त्या दिवशी धक्क्यावर जहाज होते आणि मला निघता आले नाही.

तुझा,
रिफअत


माल्टा व ट्यूनिस यांच्या दरम्यान
सोमवार, २७ रमजान

प्रिय सुहैर,

उद्या ट्यूनिसला हे टपालात पडेल. ते माझ्यानंतर पोहोचण्याचा संभव अधिक; तरीही लिहितो.

जहाजावर आम्ही सात इजिप्शियन आहोत. सातांपैकी चौघे, प्रवाशाला रोजा माफ असतो ती सवलत घेऊन, दुपारी जेवतात आणि माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करतात. मी रोजे धरले आहेत. माझ्या टेबलावर वाढायला बूशाइब नावाचा माणूस असतो. वय माझ्याएवढेच, कासाब्लांकाचाच, वीस वर्षे जहाजांवर. सूर्यास्ताला तो माझ्यासमोर खजूर ठेवतो आणि आपला खजूर उभ्यानेच खातो. काल त्याने माझ्या हातातला तक्ता पाहिला व विचारले, "साहेब, हे कुणाच्या ऑपरेशनचं टाइमटेबल आहे?" बहिणीच्या भेटीचे, असे मी सांगितले. त्याने तक्त्यातील वेळांवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "बहिणीला दोन तास आणि शहराला अकरा? शहरानं काय घोडं मारलंय?"

मी त्याला सांगितले नाही, ते तुला सांगतो. ते अकरा तास रिकामे आहेत. थोरली मशीद मी बाहेरूनच पाहणार होतो आणि बाजारात मला काही घ्यायचे नाही. तू "अजून बस" म्हणालीस, तर तक्त्यात जागा असावी, म्हणून ते ठेवले आहेत. म्हणाली नाहीस तर माणूस उगाच ताटकळलेला दिसू नये, म्हणून त्यांत मशीद भरली.

कहकचा डबा खोलीत पलंगाच्या उशाशी आहे. आई करायची तसे, आत खजुराचे सारण घातलेले. नजवाने भाजले. साखर मात्र वेगळ्या पुडीत आहे, नाहीतर दमट हवेने विरघळते. ती तुझ्या दारात, आत येण्यापूर्वी भुरभुरवीन. त्यास दोन मिनिटे धरली आहेत.

रिफअत


समुद्रावर, तांजियरच्या अलीकडे
गुरुवार, ३० रमजान

सुहैर,

तीस रोजे पूर्ण झाले. उद्या ईद. सूर्यास्तानंतर आम्ही सातही जण डेकवर एकमेकांना भेटलो; दुपारी जेवणारे चौघे सर्वांत मोठ्याने शुभेच्छा देत होते. मीही बूशाइबचा हात हातात घेतला आणि त्याला ईद मुबारक म्हटले.

त्याने हात सोडवला नाही, पण म्हणाला, "तुमची असेल, साहेब. आमची अजून ठरायचीय."

मला प्रथम ती थट्टा वाटली. त्याने समजावून सांगितले. मोरोक्कोत रमजान बुधवारी लागलाच नव्हता. तिकडे चंद्र एक दिवस उशिरा दिसला, पहिला रोजा गुरुवारी झाला. त्यांचा आज एकोणतिसावा. आज चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर परवा.

"पण हे कधीपासून?" मी विचारले.

"कधीपासून म्हणजे? नेहमीचंच आहे. तुमच्याकडचा चंद्र जरा घाईतला असतो. बहिणीनं सांगितलं नाही?"

रमजान लागला की घराघरांतून फोन जातात, तुमचा पहिला रोजा कधी, आमचा कधी, आणि त्या बोलण्यात काही अर्थ नसतो असे मला नेहमी वाटत आले. जगातील प्रत्येक इजिप्शियन भाऊ, ज्याची बहीण मोरोक्कोत दिली आहे, त्याला ही गोष्ट ठाऊक असणार. मी ट्रामची वेळ काढली, घड्याळाचा तास काढला, पण दुसऱ्या शहरासाठी चंद्र वेगळा विचारावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते. कारण अकरा वर्षांत तू रोजा कधी धरलास, हे मी एकदाही विचारले नाही.

शनिवारी ईद झाली, तर शनिवारी सकाळी सहा पन्नासला मी विमानात असेन.

मी बूशाइबच्या मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. तेथे त्याचे चार देशबंधू एका फोनभोवती उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग एकजण पाठ वळवून उद्या पहाटेच्या जेवणाची भांडी काढू लागला.

बूशाइब माझ्याजवळ आला. "नाही दिसला," तो म्हणाला. "कुठेच नाही." आणि काही क्षणांनी, "साहेब, विमान एक दिवस पुढे ढकला. विमानं रोज असतात."

रिफअत


कासाब्लांका
शुक्रवार, दुपार
(तारीख घालीत नाही. माझ्या देशात आज १ शव्वाल, तुझ्या शहरात ३० रमजान.)

सुहैर,

विमाने रोज असतात. माझा परवाना रोज नाही. जहाजावरून उतरणाऱ्या माणसाला येथील एजंटाच्या हमीवर शहरात राहू देतात. माझी मुदत शनिवारी सकाळी आठपर्यंत. हमी हाज्ज इद्रीस यांची आहे. वीस वर्षे आम्ही फोनवर एकमेकांची जहाजे सांभाळली. आज प्रथमच समोरासमोर भेटलो. ते माझ्या कल्पनेपेक्षा बुटके आहेत.

शेवटचा रोजा आणि त्यात शुक्रवार, त्यामुळे कचेरी बारापर्यंतच होती. मी मुदत एका दिवसाने वाढवून मागितली.

"कोण वाढवणार?" ते म्हणाले. "पोलिसांचा साहेब जुम्म्याला गेला, तिथून घरी जाईल. आता कागद हलेल तो सोमवारी."

मी म्हटले, मग मी मुदतीबाहेर एक दिवस राहतो. जे होईल ते होईल.

त्यांनी हमीपत्र ड्रॉवरमधून काढून माझ्यापुढे ठेवले. "ही माझी सही. गेल्या वर्षी माझे दोन इटालियन उतारू चार तास उशिरा आले, तेव्हा तुम्ही पोर्ट सईदहून मला काय पत्र पाठवलं होतं, आठवतंय? माझ्याकडे आहे ते. वाचून दाखवू?"

वाचून दाखवण्याची गरज नव्हती. मसुदा माझाच होता. पुन्हा असे झाल्यास आपली हमी कंपनी स्वीकारणार नाही, हे त्यातील शेवटचे वाक्य.

"माझा धंदा या सहीवर आहे, रिफअत," ते म्हणाले. या वेळी त्यांनी मला नुसत्या नावाने हाक मारली. "तू राहतोस म्हणालास तर मी तुला धरून नेणार नाही. पण मला विचारू नकोस."

मी उठलो. दाराशी त्यांनी विचारले, आज तुमची ईद ना, मग रोजा आहे की नाही? मी म्हटले, माझे तीस झाले. ईदच्या दिवशी रोजा धरू नये, हे मी जाणतो. "जिथे उभा आहेस, तिथला चंद्र," ते म्हणाले. मी पहाटेपासून काही घेतले नव्हतेच. तेव्हा हा माझा एकतिसावा.

दहा पंचवीसची ट्राम मी सोडून दिली. अकराला तुझे दार गाठले नाही. ईद नसताना तुझ्या दारात उभा राहिलो असतो, तर अट मोडली असती, आणि अट हीच काय ती आपल्यात उरलेली बोलणी.

आता निकाहाविषयी. ते ईदला, दारात, साखर भुरभुरवून झाल्यावर सांगणार होतो. ते आता होणे नाही, म्हणून येथे लिहितो.

त्या दिवशी धक्क्यावर जहाज नव्हते. पप्पांच्या माघारी तुझा हात अब्दुलइलाहच्या हातात मी द्यायचा होता. निकाह लावताना पांढऱ्या रुमालाखाली त्याच्या हातात माझा हात असायचा होता. मी कपडे करून निघालो होतो. निकाह लावणाऱ्या शेखसाहेबांच्या कचेरीसमोर जो चहावाला आहे, तेथे मी पावणेचार ते साडेपाच बसलो. जहाजावरचा वायरमन, परमुलखातला, आज आहे उद्या नाही, त्याच्या हातात मी बहीण का द्यावी, असे मी स्वतःशी म्हणत होतो. तुम्ही माझ्यासाठी तासभर थांबलात, हे मला तेथून दिसत होते. शेवटी माझ्या जागी मामांना बोलावणे गेले. ते धापा टाकीत, रोजच्या सदऱ्यातच आले. तेव्हाही रस्ता ओलांडता आला असता. मी चहाचे पैसे दिले आणि कचेरीत जाऊन जहाजाची सबब तयार केली. तिची मी नोंदसुद्धा केली होती.

हे कोणाही माणसाला मी प्रथमच सांगत आहे.

सूर्यास्ताला दोन तास आहेत. मी तुझ्या गल्लीपर्यंत येतो. वर येणार नाही. घर कोणते ते पाहून जावे, एवढेच.

रिफअत


कासाब्लांका विमानतळ
शनिवार, सकाळ
(ईद. आता तारखेविषयी दुमत नाही.)

सुहैर,

काल काय झाले ते तुला ठाऊक आहे असे तुला वाटेल. पण तू सारा वेळ स्वयंपाकघरात होतीस. बैठकीत काय झाले ते तुला ठाऊक नाही.

मी तुझ्या घरासमोरच्या फुटपाथवर होतो. अब्दुलइलाह काखेत पाव घेऊन कोपऱ्यावरून आला. केस पिकले आहेत त्याचे. त्याने मला लगेच ओळखले, पण जवळ यायला वेळ घेतला.

"उस्ताज रिफअत," साहेबाला हाक मारावी तसे तो म्हणाला, "तुम्ही नेहमी रस्त्याच्या पलीकडेच उभे राहता का?"

मला अर्थ कळायला क्षणभर लागला. तो हसत नव्हता. "तुमचा चहा निवून गेला होता त्या दिवशी," तो म्हणाला. "खिडकीतून दिसत होतं आम्हाला. सुहैर शेखसाहेबांना म्हणाली, अजून दहा मिनिटं थांबा, तो उठतोय. सहा वेळा म्हणाली."

म्हणजे काल दुपारी जे मी प्रथमच कोणाला लिहिले, ते तुम्हा दोघांना अकरा वर्षे ठाऊक होते. जहाजाची माझी थाप तू ऐकून घेतलीस आणि एकदाही, नजवाकरवीसुद्धा, ती थाप आहे असे म्हणाली नाहीस. माझ्याजवळ द्यायला एवढी एकच गोष्ट होती. तीही तुझ्याकडे आधीच होती.

मी त्याला म्हटले, मी वर येणार नव्हतो; ईद उद्या आहे.

"हो, उद्या. उद्या भाऊ म्हणून या. दार उघडं असेल, तिनं शब्द दिलाय. आज पाहुणे म्हणून चला. बांग व्हायला आली, रस्त्यावर कुणी रोजा सोडत नाही."

मी विमानाची वेळ सांगितली. परवान्याचे सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. तुमचं पत्र आलं त्या दिवशीच ती म्हणाली होती, असे तो म्हणाला, की या माणसानं चंद्राचंही रिझर्व्हेशन केलंय. मग त्याने पाव दुसऱ्या काखेत घेतला. "म्हणजे आजच पाहुणे."

मी पाहुणा म्हणून वर आलो.

तुझ्या मुलीने पाणी आणले. पेल्याखाली बशी होती. मी तिला नाव विचारले. शैमा म्हणाली. तिने माझे विचारले नाही. पाहुण्याला, तू कोण, असे विचारायचे नसते, हे तू तिला शिकवले आहेस. खजूर आले, हरीऱ्याचे सूप आले, मधातली शेबाकिया मिठाई आली, अंडी आली, मासा आला. जे जे आले ते प्रथम माझ्यापुढे आले. अब्दुलइलाहने मासा सोडवून मोठा तुकडा माझ्या बाजूला सारला. माझ्या आयुष्यात माझे इतके आदरातिथ्य कोणी केले नसेल. आतून तुझा आवाज येत होता, मीठ कुठे आहे, झाकण नीट लाव. आवाज आईचा झाला आहे.

अब्दुलइलाह नमाजाला उठला, तेव्हा शैमा माझ्यासमोर बसली आणि आपण होऊन बोलू लागली. उद्या तिला नवा झगा आहे. झग्याला खिसा नाही. काल सगळी मुले चंद्र पाहायला गच्चीवर गेली होती.

"आईपण आली होती," ती म्हणाली. "ती कधीच येत नाही, तिचे गुडघे दुखतात. बाबांची जहाजावरची दुर्बीण घेऊन आली. मग मला म्हणाली, तुझे डोळे चांगले आहेत, तू बघ, आज दिसलाच पाहिजे. मी म्हटलं, दिसला. आई म्हणाली, खोटं बोलू नकोस, नीट बघ. मग सगळे खाली गेले. आम्ही दोघीच होतो, अंधार होईपर्यंत."

मी पेला खाली ठेवला. मला वाटते तो बशीवर आपटला, कारण आतून तू विचारलेस, काय फुटलं?

काही फुटले नाही, शैमा म्हणाली.

मी उठलो. यजमानीण पाहुण्याला पोहोचवायला दारापर्यंत येते, म्हणून तू आलीस. हात ओले होते, ते तू पुसत होतीस. थोरल्या भावाला अबेह म्हणणारी मुलगी, रस्ता ओलांडताना माझी बाही धरणारी, मला चेहऱ्यात शोधावी लागली, आणि तीही पुरती सापडली नाही. तू म्हणालीस, "उस्ताज रिफअत, घराला पाय लागले, आनंद झाला."

माझ्या हातात डबा होता. पाहुण्याने दिला असता, तर तू तो दोन्ही हातांनी घेतला असतास आणि आभार मानले असतेस. मी तो दिला नाही. तुझी नजर एकदा त्याच्यावर गेली आणि परत आली, ते मी पाहिले. मी म्हणालो, तुमचे उपकार झाले. असे मी तुला म्हणालो.

जिन्यात मला वाटले, परत जाऊन तुला म्हणावे, अट सोड. नंतर असे वाटले, की तुला ती सोडता आली असती, तर तू गच्चीवर गेली नसतीस. तू शब्दाची पक्की आहेस, आणि हे तू कोणत्या घरातून घेऊन गेलीस ते मला माहीत आहे.

आता साडेसहा होत आहेत. पासपोर्ट पाहणारा अधिकारी नव्या पांढऱ्या पायघोळ जेलाब्यावर गणवेशाचा कोट चढवून बसला होता. पाळी संपताच नमाजाला जायचे असावे. त्याने विचारले, "ईदच्या सकाळी निघालात? इथं आपलं कुणी नाही का?"

मी म्हटले, बहीण आहे.

"आणि तिच्याकडे न जाता चाललात?" त्याने परवाना उलटून पाहिला, मुदतीवर बोट ठेवले आणि मग काही न विचारता शिक्का मारला. परवाना परत देताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

डबा माझ्या मांडीवर आहे. तो येथून टपालाने पाठवता येतो, पण टपाल म्हणजे भाऊ नव्हे. साखरेची पुडी अजून बांधलेलीच आहे.

ईदची नमाज साडेसातला संपेल. आठपर्यंत अब्दुलइलाह परतेल, शैमा बिनखिशाचा झगा घालील, आणि तू दार उघडून ठेवशील. मी त्या वेळी समुद्रावर असेन, हे तुला काल कळले आहे. तरी तू ते उघडशील, कारण तसा शब्द दिला आहेस. आणि शेजारणींचे भाऊ एकामागून एक जिना चढून येताना तुला त्या उघड्या दारात बसावे लागेल. मी दिलेल्या सर्व दुःखांत हे एकच मी काळजीपूर्वक, तारीख निवडून दिले.

विमानाची हाक झाली आहे. दार लावून घे, सुहैर. मी सांगतो म्हणून तू लावणार नाहीस.

रिफअत